मागचे बंप स्टॉप बदलायचेत? पिकअप आणि एसयूव्हीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

खड्ड्यात गाडी मागून 'थड' करून आपटली की मालक आधी शॉकॲब्सॉर्बरला शिव्या घालतो, मग पाट्यांना (लीफ स्प्रिंगना). बंप स्टॉपची आठवण सगळ्यांत शेवटी येते. आणि एकदा आली की थेट महागड्या किटपर्यंत उडी जाते. खालचे प्रश्न पाट्यांच्या पिकअप आणि चासीवरच्या (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

बंप स्टॉप नेमका असतो कुठे आणि करतो काय?

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने वाकून बघा. एक्सलच्या नळीच्या बरोबर वर, चासीच्या खालच्या अंगाला रबराचा ठोकळा दिसेल. दोन्ही बाजूंना एकेक. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस या पाट्यांच्या गाड्यांत तो सहज दिसतो. कॉइलच्या काही गाड्यांत तो स्प्रिंगच्या पोटात लपलेला असतो, तर मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या, बॉडी हाच सांगाडा असलेल्या) एसयूव्हीत बहुधा शॉकच्या दांड्यावर ओवलेला असतो.

त्याचं काम शेवटच्या दोन-तीन इंचांतलं. एक्सल वर येता येता पाट्याची ताकद संपली, तर लोखंडावर लोखंड आपटू नये, शॉक आतून तळाला लागू नये, टायर मडगार्डला घासू नये, म्हणून तो मध्ये येतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना तो एक्सलला टेकलेला नसावा, हा साधा नियम. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

माझी गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटते. नवीन बंप स्टॉप टाकले की थांबेल ना?

आवाज कमी होईल. आपटणं थांबेलच असं नाही. आपटण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. ते शोधल्याशिवाय रबर बदललं तर सहा महिन्यांत नवीन रबराचाही भुगा झालेला दिसेल.

आधी एक्सलवरची ती छोटी पट्टी बघा, जिच्यावर रबर येऊन आदळतं. तिच्यावर धूळ, गंज किंवा जुना रंग शाबूत असेल तर तुमचा बंप स्टॉप क्वचितच कामाला येतोय आणि आवाज दुसऱ्या कुठल्या तरी सैल बुशचा (जोडातल्या रबरी नळीचा) किंवा शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचा) आहे. पट्टी घासून चकचकीत झाली असेल, कडेला रबराची काळी पूड साचली असेल, तर तिथे रोज मार बसतोय. खात्री करायची तर रबराच्या तोंडाला खडू चोळा, रोजच्या रस्त्यावरून रोजचा माल घेऊन एक फेरी मारा आणि परत येऊन पट्टीवर ठसा उमटलाय का ते पाहा. फक्त एकाच बाजूला ठसा असेल तर त्या बाजूचा पाटा बसलाय, नाहीतर माल भरताना रोज तीच बाजू जड होतेय.

मग सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे टेपने मोजा. ठळक फरक असेल तर पाटे खोलून घ्या. वरून ठीकठाक दिसणाऱ्या जुडग्यात दुसरा किंवा तिसरा पाटा तुटलेला निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. मातीच्या थराखाली ती चीर दिसतच नाही, तारेचा ब्रश मारावा लागतो.

शॉक ओळखायची खूण वेगळी. गाडी पहिल्या खड्ड्यात नीट जाते आणि लागून आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या उडीत आपटते, तर शॉक मेलाय. उभी गाडी मागून बसलेली असेल तर मात्र शॉकला दोष देऊ नका. साधा शॉक वजन धरत नसतो, ते पाट्याचं काम.

आणि पाटे, शॉक, रबर सगळं ठणठणीत असून गाडी आपटत असेल, तर उत्तर मागे हौद्यात रचलेलं आहे. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट किंवा देवगडहून आंब्याच्या पेट्या निघतात तेव्हा 'अजून चार थर बसतील' म्हणणारा माणूस प्रत्येक गाडीपाशी एक तरी असतोच.

मूळ रबराचा ठोकळा काय वाईट आहे? अपग्रेड करून मिळतं काय?

वाईट काही नाही. बहुतेकांना कंपनीचं नवीन रबरच पुरतं आणि ते काही शे रुपयांत येतं. मी तर म्हणेन की आठ-दहा वर्षं जुन्या गाडीला तेच सर्वांत मोठं अपग्रेड. कारण तिथे आत्ता फक्त लोखंडी वाटी उरलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

चांगल्या बंप स्टॉपचा फायदा अंतरात आहे. समजा मागच्या एक्सलवर १५०० किलोचा भार आहे आणि पाट्यांनी बराच जोर खाऊनही तो भार सेकंदाला १ मीटर वेगाने खाली येतोय. ही ऊर्जा ७५० ज्यूल होते. कडक, झिजलेल्या ठोकळ्याने ती १० मिलिमीटरमध्ये अडवली तर सरासरी जोर येतो साडेसात टनांच्या आसपास. तीच ऊर्जा ४० मिलिमीटर दबणाऱ्या स्टॉपने अडवली तर जोर दोन टनांच्या आत राहतो. खड्डा तोच, वेग तोच, माल तोच. फक्त थांबायला जागा मिळाली. तुमच्या कमरेला, चासीच्या वेल्डला आणि शॉकच्या डोळ्याला (ज्या कड्याने तो बोल्टवर बसतो त्याला) जाणवणारा फरक हा एवढाच, पण तो चौपट आहे.

म्हणून नवा स्टॉप घेताना तो किती जाड आहे याऐवजी किती दबतो आणि दबताना हळूहळू कडक होत जातो का, हे विचारा. निमुळत्या टोकाचे स्टॉप याचसाठी तसे घडवलेले असतात. आधी टोक दबतं, मग पोट.

रबर घ्यावं की पॉलीयुरेथेन?

यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि फसगत इथेच होते.

लाल-निळे-पिवळे चकचकीत ठोकळे मिळतात ते भरीव पॉलीयुरेथेन. तेल, ग्रीस, ऊन यांना दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण सहसा मूळ रबरापेक्षा कडक. दगडधोंड्यांत हळू चालणाऱ्या ऑफ-रोड गाडीला चालेल. कुटुंबाला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्याने ते टाकलं तर पहिल्याच उंच गतिरोधकाला मागच्या सीटवरून तक्रार येईल.

दुसरं म्हणजे मायक्रोसेल्युलर पॉलीयुरेथेन. आत बारीक हवेचे बुडबुडे असलेला घट्ट फोम, बहुधा पिवळट किंवा काळा, हातात घेतला तर वजनाला आश्चर्य वाटावं इतका हलका. हल्लीच्या बऱ्याच कार आणि एसयूव्हींत कंपनीकडूनच हा येतो. बीएएसएफचं 'सेलास्टो' याच जातीचं. भरीव रबर दबलं की बाजूला फुगतं, कारण त्याचं आकारमान कमी होत नाही, म्हणून त्याला आजूबाजूला मोकळी जागा लागते. फोमातले बुडबुडे मिटतात, त्यामुळे तो बाजूला फारसा न फुगता स्वतःच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त दबतो. अमेरिकेतले 'सुमोस्प्रिंग्ज' याच पदार्थाचे. फोमाची दुखरी नस म्हणजे ओल. काही जातींचं युरेथेन सततच्या पाण्याने आणि उकाड्याने भुसभुशीत होत जातं. कोकणात गाडी असेल तर दर पावसाळ्यानंतर नखाने टोचून बघावं. तुकडा हातात आला तर त्याचे दिवस भरले.

तिसरा प्रकार पोकळ रबराचा. कॅनडाच्या 'टिंब्रेन'चे स्टॉप या घराण्यातले. आत पोकळी असलेलं नैसर्गिक रबर आधी मऊ दबतं, मग घड्या मिटल्या की झपाट्याने कडक होतं. माझं मत विचाराल तर माल वाहणाऱ्या पिकअपला हा प्रकार सर्वांत समजूतदार, फक्त आपल्याकडे आयात करून घ्यायचा तर शिपिंग-कस्टम धरून आकडा सहज पाच अंकी होतो. त्या पैशांत मागचे पाटे सोडवून नवे बुश, नवे यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) आणि कंपनीचे रबर असं सगळंच होऊन जातं.

हे टाकल्यावर गाडीची माल वाहायची क्षमता वाढते का?

नाही.

विकणारा 'लोड कपॅसिटी किट' म्हणतो, फिटर 'आता दोन टन बिनधास्त' म्हणतो. तरीही नाही. गाडीचं एकूण वजन किती असावं हे एक्सलची नळी, बेअरिंग, ब्रेक, टायर, रिम आणि चासी या सगळ्यांवरून ठरतं, आणि आरसीवर तेच छापलेलं असतं. १.३ टनाच्या बोलेरो पिकअपला कितीही भारी रबर लावलं तरी ती १.७ टनाची होत नाही. मागचा भाग बसलेला दिसत नाही, इतकंच. आणि खरं तर तो बसलेला दिसणं हीच चालकासाठी उरलेली शेवटची सूचना होती.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही अशी तरतूद आहे. वजनकाट्याला तुमच्या गाडीखालचं रबर दिसत नाही.

मग भार झेलणारे हेल्पर बंप स्टॉप कुणी घ्यावेत?

ज्याचा भार कायदेशीर मर्यादेत आहे पण कायमचा आहे, त्याने. हौद्यात हत्यारांची पेटी आणि जनरेटर घेऊन फिरणारा साइटवरचा माणूस, छतावर तंबू आणि मागे पाण्याच्या टाक्या लादलेली कॅम्पिंगची गाडी. अशांची गाडी पूर्ण रिकामी कधी नसतेच.

हे स्टॉप मूळ स्टॉपच्याच जागी बसतात, पण उंचीला मोठे असतात. रिकाम्या गाडीत एक्सल आणि रबर यांत साधारण अर्धा ते दीड इंच फट ठेवली जाते, काही प्रकार तर टेकूनच बसतात. वर म्हटलेला अपवाद तो हाच. माल चढला की फट मिटते आणि रबर पाट्याच्या जोडीने भार घ्यायला लागतं. फट ठेवलीत तर रिकामी गाडी पूर्वीसारखीच चालते. ही फट नेमकी किती, हे किटच्या कागदावरून ठरवा, दुसऱ्याच्या गाडीवरून नको.

दोन गोष्टी इथे कुणी सांगत नाही.

पहिली ब्रेकची. कित्येक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. चासीवर बसवलेला हा व्हॉल्व्ह एका दांडीने किंवा स्प्रिंगने एक्सलला जोडलेला असतो. माल भरला, मागचा भाग खाली आला, दांडी सरकली की मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. त्याला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. आता भारी रबराने मागचा भाग वरच धरून ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. पूर्ण माल, आणि मागे रिकाम्या गाडीचा ब्रेक. कसारा घाट उतरताना हे कळू नये. हेल्पर स्टॉप, जादा पाटा, एअरबॅग (अपघातातली नव्हे, एक्सल आणि चासीमध्ये बसवायची हवेची पिशवी), काहीही घातलं तरी या दांडीचं सेटिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

दुसरी चासीची. पाट्याच्या गाडीत भार चासीला दोन ठिकाणी टेकतो, पाट्याच्या पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. रबराने भार घेतला की तिसरा टेकू तयार होतो, तोही बरोबर एक्सलच्या डोक्यावर. ऑस्ट्रेलियात डबल-कॅब गाड्यांमागे जड कॅराव्हान ओढणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव आहे. बंप स्टॉपच्या जागी एअरबॅग फुगवायच्या, हुकवर मागून भार द्यायचा, आणि खडबडीत रस्त्यावर तो टेकू सी-सॉच्या मधल्या खुंटीसारखा वागून चासी केबिनच्या मागे वाकायची. आपल्याकडे कॅराव्हान नाहीत, पण हौद्याच्या फळकुटाबाहेर चार फूट आलेल्या सळया आहेत. जड माल एक्सलच्या वर किंवा पुढे ठेवा. एक्सलच्या मागे लटकणारं वजन कमीत कमी असू द्या.

वळणावर गाडी मागून सटकल्यासारखी वाटते. याचा बंप स्टॉपशी संबंध आहे?

असू शकतो, विशेषतः नवीन कडक स्टॉप टाकल्यानंतर सुरू झालं असेल तर. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरचा मागचा स्टॉप टेकला की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, मागच्या बाहेरच्या टायरवर अचानक जादा भार पडतो आणि मागची पकड सुटू पाहते. त्यात वळणाच्या मधोमध एक खड्डा आला तर मागचा भाग हाताएवढा बाजूला उडतो. ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर हा हिशेब महाग पडतो. रबर जितकं हळूहळू कडक होणारं तितका हा झटका कमी. भरीव, सपाट तोंडाचा ठोकळा इथे सर्वांत वाईट.

गाडी दोन इंच लिफ्ट (उंच) केली आहे. बंप स्टॉप तसेच ठेवले तर?

लिफ्टमध्ये नवे, लांब शॉक टाकले असतील तर ते पूर्ण दबल्यावरही जुन्यांपेक्षा लांब राहतात. मग बंप स्टॉप टेकायच्या आधी शॉकच तळाला लागतो, आणि शॉकच्या पोटात झालेली ती टक्कर बाहेरून दिसत नाही. एक दिवस दांडा वाकतो किंवा माउंट उपटून येतं. म्हणून स्टॉप खाली आणावा लागतो, स्पेसर घालून किंवा लांब स्टॉप घेऊन.

किती खाली, हे मोजूनच ठरवावं. कॉइल काढून, किंवा पाट्याच्या गाडीत एका चाकाखाली जॅक लावून, एक्सल जाईल तितका वर न्या. बंप स्टॉप पूर्ण चेपलेला असताना शॉकमध्ये अर्धा ते पाऊण इंच दांडा शिल्लक दिसला पाहिजे. त्याच वेळी टायर मडगार्डला लागतो का, ब्रेकचा पाइप कुठे दबतो का, प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरचा पाइप मोकळे आहेत का, तेही बघून घ्या. मोठे टायर टाकले असतील तर शॉकच्या आधी टायरच अडतो.

उलट, गरजेपेक्षा लांब स्टॉप लावला तर चाकाला वर जायला जागाच उरत नाही. मग लिफ्ट केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त आपटते.

ऑनलाइन कॉइलच्या फटीत घालायचे रबरी बफर मिळतात. ते आणि हे एकच का?

अजिबात नाही. ते पारदर्शक कडं कॉइलच्या दोन वेढ्यांमध्ये अडकवतात. तेवढा वेढा कामातून बाद होतो, स्प्रिंगचे काम करणारे वेढे कमी झाले की ती कडक होते आणि गाडी थोडी वर आल्यासारखी वाटते. पण आता तेवढाच ताण उरलेल्या वेढ्यांवर पडतो, आणि जिथे कडं संपतं तिथे रंग घासून गंज धरतो. ज्यांना क्लिअरन्सची खरोखर अडचण आहे त्यांनी योग्य रेटिंगच्या कॉइल घ्याव्यात.

एअरबॅग चांगल्या की हेल्पर बंप स्टॉप?

भार रोज बदलत असेल तर एअरबॅग, कारण हवा कमी-जास्त करता येते. पण त्यांना पाइप आहेत, जोड आहेत, आणि ते गळतात. ज्या एअरबॅग चासी आणि एक्सल दोन्हीकडे बोल्टने पकडलेल्या असतात त्या चाक खोल खाली लटकलं की ताणल्या जातात, म्हणून ऑफ-रोडवाल्यांचं त्यांच्याशी पटत नाही. पोकळ रबर फक्त एका बाजूला पकडलेलं असतं, चाक खाली गेलं की ते सोडून देतं. त्यात फुटण्यासारखं काही नाही.

मी अमेरिकेत आहे, पिकअपला ट्रेलर जोडतो. मागचा भाग बसतो. हे स्टॉप पुरेत?

उंची परत येईल, वजनाची वाटणी परत येणार नाही. हुकवर भार पडला की पुढचा एक्सल हलका होतो आणि स्टीअरिंगची पकड कमी होते. रबराने मागचा भाग उचलला तरी पुढचं वजन परत पुढे जात नाही. त्यासाठी वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच (हुकवरचं काही वजन पुढच्या एक्सलकडे परत ढकलणारी जोडणी) लागते. हुकवरचं वजन ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के धरतात, आणि ते तुमच्या दाराच्या खांबावरच्या पिवळ्या स्टिकरवरच्या आकड्यातूनच वजा होतं, माणसं आणि सामानासकट.

हायड्रॉलिक बंप स्टॉप?

नायट्रोजन भरलेले छोटे शॉकच ते. वाळवंटातल्या शर्यतींच्या गाड्यांसाठी, चासीला वेल्ड करून. आपल्या कामाचे नाहीत.

आरटीओ किंवा वॉरंटीची काही भानगड?

कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करायला मनाई करतं. त्याच जागी, त्याच बोल्टवर बसणाऱ्या रबराने त्या नोंदींत फरक पडत नाही. लिफ्ट, वेल्डिंग, चासीला नवीन भोकं, ही मात्र वेगळी गोष्ट. चासीला भोक पाडायला सांगणारं किट असेल तर मी ते घेणार नाही, कायदा बाजूला ठेवला तरी. वॉरंटीतली गाडी असेल तर बदलायच्या आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'काही होत नाही' याला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

घरी बसवता येतात का?

पाट्याच्या गाडीत येतात. जॅक चासीखाली लावा, चासी स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, आणि एक्सल खाली लटकू द्या म्हणजे हात घालायला जागा होते. लटकताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते आधी बघा. एलएसपीव्हीची दांडी असेल तर तीही.

खरी झुंज जुन्या स्टडशी (रबरात बसवलेल्या बोल्टशी) होते. रबर फिरतं, स्टड फिरत नाही, किंवा चासीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून तोही सोबत फिरायला लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, रबर कापून काढा म्हणजे स्टडची मान पकडीत येते, आणि आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. नवीन स्टॉप बसवण्यापूर्वी ती जागा ब्रशने साफ करून रंगाचा हात मारा. रबराचा स्टड छोटा असतो, मोठ्या पान्याने जीव खाऊन आवळलात तर रबरातून उपटतो. आणि याच निमित्ताने पाटे सोडवले असतील तर यू-बोल्ट नवे घाला, पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

एकाच बाजूचा तुटलाय. एकच बदलला तर चालेल?

जोडीनेच बदला. नवं रबर आणि दहा वर्षं उन्हातान्हात कडक झालेलं रबर एकाच एक्सलवर असेल तर गाडी खड्ड्यात तिरकी आपटते. जुन्यातला शाबूत तुकडा फेकू नका, नव्याशी उंची जुळते का ते पाहायला तो दुकानात घेऊन जा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या भार-क्षमतेच्या गाड्यांना वेगवेगळे स्टॉप असू शकतात आणि काउंटरवरचा मुलगा हाताला येईल तो देतो.